मान्यता नेमकी कुणाला, कशाला आणि किती जागांना?
वाचकांचे प्रश्न : खासगी व्यवसाय प्रशिक्षण संस्था आणि त्यांचे परवाने

दहावी-बारावीचे निकाल लागले की कोल्हापुरात मध्यवर्ती बसस्थानकापासून उद्यमनगरपर्यंत एकही खांब मोकळा राहत नाही. ‘१०० टक्के नोकरी’, ‘शासनमान्य’, ‘मर्यादित जागा’. त्यानंतर आमच्याकडे पत्रे येऊ लागतात. या महिन्यात बहुतेकांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारली आहे, म्हणून सदर याच विषयाला दिले आहे. पत्रांतील संस्थांची नावे आम्ही काढून टाकली आहेत.

मुलाला फिटर ट्रेड हवा आहे. कळंबा रोडच्या शासकीय आयटीआयमध्ये नंबर लागेल असे वाटत नाही. शहराबाहेर एक खासगी संस्था आहे, बोर्डावर ‘भारत सरकार मान्यताप्राप्त’ असे ठळक लिहिले आहे. चालक म्हणतात, बिनधास्त भरा पैसे. खरे-खोटे आम्ही कसे ओळखायचे?
— एक पालक, शिरोली

बोर्डावरच्या त्या ओळीवरून काहीच कळत नाही. मान्यता, म्हणजे सरकारी भाषेत संलग्नता, इमारतीला किंवा संस्थेच्या नावाला मिळत नसते. ती ट्रेडला मिळते आणि तीही ठरावीक तुकड्यांपुरती. एखाद्या संस्थेकडे इलेक्ट्रिशियनच्या दोन तुकड्यांची संलग्नता असते, फिटरची एकही नसते, आणि तरी फिटरचे प्रवेश त्याच खिडकीवर, त्याच रंगाच्या पावतीवर चाललेले असतात. बोर्ड खोटा नाही; तुमच्या मुलाच्या ट्रेडपुरता तो निरुपयोगी आहे.

आधी नावांचा गुंता सोडवू, कारण संस्थाचालक त्याच्याच आडोशाला उभे राहतात. आयटीआयमध्ये चालणारी शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची. प्रमाणपत्रावर वर्षानुवर्षे जे ‘एनसीव्हीटी’ नाव दिसायचे ती राष्ट्रीय परिषद १९५६ ची. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने ‘एनसीव्हीईटी’ ही नवी नियामक परिषद अधिसूचित केली आणि १ ऑगस्ट २०२० पासून तिचे काम सुरू झाले. आयटीआयची संलग्नता, अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र हे मात्र दिल्लीच्या प्रशिक्षण महासंचालनालयाकडेच आहे. राज्यात देखरेख मुंबईच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाची. कोल्हापूर त्यांच्या पुणे प्रादेशिक कार्यालयाखाली येते, आणि जिल्ह्यात जिल्हा व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण अधिकारी असतात. चालकांनी यांपैकी कुठल्याच कार्यालयाचे नाव न घेता ‘दिल्लीहून मान्यता आहे’ एवढेच म्हटले, तर पुढचा प्रश्न विचारायला हरकत नाही.

तो प्रश्न असा : ‘तुमचा एमआयएस कोड काय?’ प्रत्येक आयटीआयला असा कोड असतो. शासकीय संस्थेचा ‘जी’ने सुरू होतो, खासगीचा ‘पी’ने, आणि त्यातले पहिले दोन अंक २७ म्हणजे महाराष्ट्र. कोड मिळाला की महासंचालनालयाच्या पोर्टलवर राज्य, जिल्हा, संस्था असे शोधून ट्रेडची यादी उघडा. फिटर दिसतो का, किती तुकड्यांना, कोणत्या पाळीत, हे पाहा. फिटरच्या एका तुकडीत २० जागा असतात. संलग्नता एका तुकडीची आणि वर्गात ४० मुले, असे असेल तर निम्मी मुले कागदावर कुठेच नाहीत.

त्या मुलांचे पुढे दोनपैकी एक होते. एकतर त्यांची नावे दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेत चढवली जातात आणि परीक्षेच्या तोंडावर ‘सेंटर तिकडे आले आहे’ असे सांगितले जाते. नाहीतर हॉल तिकीट येतच नाही आणि शेवटी संस्थेचे स्वतःचे, सोनेरी कडेचे प्रमाणपत्र हातात पडते. कारखान्याच्या गेटवर ते चालत नाही. रेल्वेच्या आणि वीज कंपन्यांच्या भरतीत तर अर्जच बाद होतो.

महाराष्ट्रात आयटीआयचे प्रवेश संचालनालयाच्या केंद्रीय ऑनलाइन प्रक्रियेतून होतात. खासगी संस्थेतल्या प्रवेशाचीही नोंद पोर्टलवर व्हावी लागते. म्हणून ‘ऑनलाइनची भानगड नको, थेट भरा’ असे कोणी म्हणाले तर तिथून उठावे. प्रवेशानंतर प्रशिक्षणार्थ्याचा नोंदणी क्रमांक तयार होतो. तो पहिल्या दोन महिन्यांत मागून घ्या आणि त्यावरचे नाव, जन्मतारीख व ट्रेड मार्कलिस्टशी ताडून पाहा. नावातली एका अक्षराची चूक तेव्हा सहज दुरुस्त होते. प्रमाणपत्रावर छापली गेली की तिच्यासाठी वर्षभर खेटे घालावे लागतात.

आणखी दोन खुणा. फिटर दोन वर्षांचा ट्रेड आहे. तो कोणी ‘एका वर्षात करून देतो’ म्हणाला तर तो दुसरेच काही विकतो आहे. आणि परीक्षेला बसायला किमान ८० टक्के हजेरी लागते. ‘मुलगा कामाला जाऊ दे, हजेरी आम्ही बघतो’ ही सवलत वाटते, पण तपासणीत हजेरीपट आणि प्रत्यक्ष वर्ग जुळला नाही की त्याचा फटका सगळ्या तुकडीला बसतो.

पोर्टल समजत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. साध्या कागदावर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, संचालनालयाच्या कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला विचारा : अमुक संस्थेला फिटर ट्रेडच्या किती तुकड्यांची संलग्नता आहे, कोणत्या आदेशाने, आणि आदेशाची प्रत द्यावी. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. उत्तराची मुदत ३० दिवस. म्हणजे अर्ज निकालाच्या आधी टाकायला हवा. यंदा उशीर झाला असेल तर थेट जिल्हा कार्यालयात जाऊन तोंडी चौकशी करा.

भाच्याने ज्या संस्थेत प्रवेश घेतला तिथे भिंतीवर पाच फ्रेम आहेत : आयएसओ, उद्यम, शॉप ॲक्ट, ट्रस्टची नोंदणी आणि नीती आयोगाचा दाखला. एवढे पुरेसे नाही का?
— एक वाचक, जयसिंगपूर

पाचांपैकी एकाचाही शिकवण्याशी संबंध नाही. आयएसओचे प्रमाणपत्र खासगी कंपन्या देतात, आणि ते कामाच्या पद्धतीबद्दल असते. उद्यम नोंदणी कुणीही मोबाइलवरून स्वतःच करतो. पापडाच्या घरगुती उद्योगालाही ती मिळते. शॉप ॲक्टचे तर २०१७ च्या नव्या कायद्यापासून असे झाले आहे की कामगारांची संख्या ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर नोंदणीसुद्धा लागत नाही, फक्त सूचना द्यायची. भिंतीवर लावलेली असते ती त्या सूचनेची पोच. ट्रस्टची नोंदणी म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे संस्था म्हणून नाव आहे एवढेच. आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर स्वयंसेवी संस्था आपली माहिती भरतात, त्याचा तो क्रमांक.

पाच फ्रेम आहेत याचा अर्थ सहावी, म्हणजे शिकवण्याच्या मान्यतेची, नाही. सहावी कोणती, ते भाच्याच्या कोर्सवर अवलंबून आहे. पत्रात कोर्सचे नाव लिहिलेले नाही, ते कळवा.

ड्रायव्हिंग स्कूलला साडेपाच हजार भरले. रोज वीस मिनिटे, पंधरा दिवस. गाडीत आम्ही तिघी. एक चालवते, दोघी मागे. मालक म्हणतात तिघींचा वेळ धरायचा, म्हणजे रोज तासभर झाला. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, राजारामपुरी

नाही. या व्यवसायाचे नियम इतर कुठल्याही खासगी प्रशिक्षणापेक्षा स्पष्ट आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २४ ते ३१ वाचले तरी पुरे. खासगी चारचाकीसाठी प्रशिक्षण किमान २१ दिवसांचे आणि प्रत्यक्ष चालवण्याचे तास किमान १० हवेत. मागच्या सीटवर बसलेला वेळ त्यात येत नाही. दहा तास म्हणजे सहाशे मिनिटे, एकवीस दिवसांत वाटली तर रोज साधारण अर्धा तास, स्टिअरिंग तुमच्या हातात. तुमचे झाले पंधरा गुणिले वीस, तीनशे मिनिटे. बरोबर निम्मे.

स्कूलमध्ये दोन रजिस्टर ठेवणे बंधनकारक आहे : नमुना १४ मध्ये प्रवेश घेतलेल्यांची नोंद आणि नमुना १५ मध्ये कोणी किती तास गाडी चालवली याची. नमुना १५ मध्ये तुमच्या नावापुढे काय भरले आहे ते पाहायला मागा. तिथे दहा तास भरलेले असतील तर फोटो काढून ठेवा. परिवहन कार्यालयातील तक्रारीला तेवढा पुरावा पुरतो. परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार नियम २८ ने परवाना प्राधिकाऱ्याला, म्हणजे आपल्याकडे एमएच ०९ च्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाला आहे. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर नमुना ५ मधील प्रमाणपत्र देणेही स्कूलचे कर्तव्य आहे. पुढे कधी ट्रक किंवा बसचे लायसन्स काढायचे ठरवले तर त्या अर्जाला परिवहन वाहनाच्या प्रशिक्षणाचा नमुना ५ लागतो.

गाडीत शेजारी बसणारा मुलगा कोण, हेही पाहा. परवान्याची मूळ प्रत आणि प्रशिक्षकांची नावे-पत्ते कार्यालयात दर्शनी भागात लावलेले असले पाहिजेत. भिंतीवर एक नाव आणि गाडीत दुसराच माणूस, ही या धंद्यातली सगळ्यांत जुनी खोड आहे. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.

मी दहावी पास, डिझेल मेकॅनिकचा आयटीआय झालेला आणि बारा वर्षे ट्रक चालवतो आहे. कागलमध्ये स्वतःचे ड्रायव्हिंग स्कूल काढायचे आहे. काय लागेल?
— एक वाचक, कागल

प्रशिक्षकाची पात्रता तुमच्यात बसते : किमान दहावी, पाच वर्षे वाहन चालवण्याचा अनुभव आणि शासकीय किंवा मान्य संस्थेतील मोटार मेकॅनिक कोर्सचे प्रमाणपत्र. आयटीआयचे मूळ प्रमाणपत्र आणि अनुभवाचा पुरावा काढून ठेवा. बारा वर्षांच्या अनुभवाला लायसन्सवरील तारीख आणि मालकाचे पत्र, दोन्ही लावा.

अर्ज नमुना १२ मध्ये, परवाना मिळतो नमुना ११ मध्ये, पाच वर्षांसाठी. शुल्क दहा हजार रुपये. नूतनीकरण नमुना १३ मध्ये, आणि ते मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी. बहुतेक जण इथेच चुकतात, मुदत संपल्यावर धावाधाव करतात.

जागा स्वतःची किंवा रीतसर भाडेकराराची हवी, आणि वर्ग, प्रात्यक्षिक आणि गाड्या उभ्या करणे या तिन्हींना पुरेशी. ज्या प्रकारचे वाहन शिकवणार त्या प्रत्येक प्रकारचे किमान एक स्वतःच्या मालकीचे हवे आणि ते फक्त शिकवण्यासाठीच वापरायचे. म्हणजे सकाळी शिकवणी आणि दुपारी भाडे, हे बसत नाही. मोटारसायकल सोडून प्रत्येक वाहनाला दुहेरी नियंत्रण, निदान ब्रेक आणि क्लचचे जोड-पेडल, बसवलेले हवे. गाडीच्या दोन्ही बाजूंना स्कूलचे नाव-पत्ता ठळक अक्षरांत.

तपासणीत अडकवणाऱ्या गोष्टी मात्र छोट्या असतात. फळा, वाहतूक चिन्हांचे तक्ते, पोलिसांच्या हातवाऱ्यांचा तक्ता, रस्त्याचा नमुना-फलक, इंजिन, गिअर बॉक्स, ब्रेक शू आणि ड्रम हे सुटे भाग दाखवण्यासाठी, जॅक, टायर लिव्हर, व्हील ब्रेस, हवेचा दाब मोजायचा गेज, पाने-पक्कड संच, प्रथमोपचार पेटी, बाके आणि नियमांची पुस्तके. जुना गिअर बॉक्स आणि ड्रम उद्यमनगरात भंगाराच्या भावात मिळतो. कापून आतले दात दिसतील असा करून घ्या, शिकवायलाही सोपे जाते. निरीक्षक येण्याच्या दिवशी शेजारच्या स्कूलमधून तक्ते उसने आणू नका. तपासणी फिरून कधीही होऊ शकते.

ट्रक शिकवणार असाल तर परिवहन वाहनासाठी किमान ३० दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे १५ तास लागतात. उमेदवाराकडे हलक्या वाहनाचे लायसन्स आधीच असेल तर दिवस कमी होतात, पण चालवण्याचे पंधरा तास कमी होत नाहीत.

एक गैरसमज दूर करतो. जून २०२४ च्या सुमारास ‘आता आरटीओची टेस्ट नाही, स्कूलच लायसन्स देणार’ असे मेसेज फिरले. तसे काही झालेले नाही. केंद्रीय मंत्रालयानेच तेव्हा खुलासा केला. टेस्टमधून सूट आहे ती ‘अधिस्वीकृत चालक प्रशिक्षण केंद्रां’तून शिकलेल्यांना. हे नियम १ जुलै २०२१ पासून लागू आहेत आणि त्यासाठी हलक्या वाहनांना एक एकर, जड वाहनांसह दोन एकर जागा, सिम्युलेटर आणि चाचणीचा ट्रॅक लागतो. गाळ्यातल्या स्कूलला ते लागू होत नाही. लायसन्सही प्रशिक्षण केंद्र देत नाही, परिवहन कार्यालयच देते.

घरी शिवणक्लास आणि ब्यूटी पार्लरचा कोर्स सुरू करायचा आहे. बायका प्रमाणपत्र मागतात. कोणता परवाना काढू?
— एक भगिनी, इचलकरंजी

शिकवायला परवाना लागत नाही, ताई; प्रमाणपत्रावर काय छापता त्याला लागतो. ‘अमुक शिवणवर्ग, सहा महिने, हजेरी इतकी, शिकवलेले प्रकार हे’ असे स्वतःच्या सहीने दिलेत तर कुणाला काही म्हणता येणार नाही. त्यावर राजमुद्रा, ‘शासनमान्य’, ‘महाराष्ट्र शासन’ किंवा ‘डिप्लोमा’ आले की प्रश्न सुरू. महाराष्ट्रात २०१३ चा, अनधिकृत संस्था आणि अनधिकृत अभ्यासक्रमांना मनाई करणारा स्वतंत्र कायदा आहे. त्याच्या लांबलचक नावात ‘व्यवसाय शिक्षण’ हे शब्द मुद्दाम घातलेले आहेत.

खरे शासकीय प्रमाणपत्र द्यायचे असेल तर राज्याच्या कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाकडे (पूर्वीचे व्यवसाय शिक्षण परीक्षा मंडळ) संस्थेची नोंदणी करून सहा महिने किंवा वर्षाचा अभ्यासक्रम घ्यावा लागतो. त्या अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतच खोलीचे क्षेत्रफळ, मशिनांची संख्या आणि शिक्षिकेची पात्रता दिलेली असते. आधी पुस्तिका मिळवा, मग मशिनी घ्या. उलटे केलेत तर साध्या मशिनी घेऊन ठेवाल आणि यादीत ओव्हरलॉक निघेल.

बाकी कागद थोडे आहेत : शॉप ॲक्टची सूचना, व्यवसाय कराची नावनोंदणी (वर्षाला २,५०० रुपये), आणि घरगुती मीटरवर मोटरच्या मशिनी लावणार असाल तर महावितरणच्या उपविभागात आधी विचारणा. वर्षाची एकूण फी २० लाखांच्या आत असेल तोवर जीएसटीची नोंदणी नको.

कुणी ‘सेंटर देतो, पंचवीस हजार भरा, आमच्या दिल्लीच्या कौन्सिलचे सर्टिफिकेट छापून घ्या’ म्हणत आले तर त्या कौन्सिलचे नाव एनसीव्हीईटीच्या मान्य प्रमाणपत्रदात्या संस्थांच्या यादीत शोधा. नावात ‘नॅशनल’, ‘कौन्सिल’, ‘स्किल’ आणि ‘इंडिया’ हे चारही शब्द असले की जरा जास्तच बारकाईने.

‘नर्सिंग, फक्त एक वर्ष, बारावी कोणतीही शाखा’ अशी जाहिरात आहे. घ्यावा का प्रवेश?
— एक विद्यार्थिनी, गडहिंग्लज

नर्स व्हायचे असेल तर नाही. नर्सिंगच्या मान्य कोर्सपैकी एएनएम दोन वर्षांचे आहे, जीएनएम तीन वर्षांचे. दोन्हींनंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते आणि त्या नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. एक वर्षाचा जो कोर्स असतो तो रुग्ण सहायकाचा. रुग्णालयाला अशी माणसे लागतात, काम सन्मानाचे आहे, पण तो कोर्स करून पुढे परिषदेत नोंदणी कधीच होत नाही, आणि पगारात मोठा फरक राहतो. प्रवेश घेताना ‘हा कोर्स परिषदेच्या नोंदणीला पात्र आहे का’ हे संस्थेकडून लेटरहेडवर लिहून मागा. पात्र नसेल तर लिहून मिळणार नाही.

संगणक दुरुस्ती आणि नेटवर्किंगच्या कोर्सला ४८ हजार फी. २० हजार रोख, उरलेले फायनान्सवर. दोन महिन्यांत शिक्षक निघून गेले, वर्ग बंद. संस्था म्हणते फी परत मिळणार नाही, पावतीवर छापले आहे. ग्राहक मंचात जाऊ का?
— एक वाचक, गोकुळ शिरगाव

पावतीवरची ‘नॉन-रिफंडेबल’ ही ओळ घाबरण्यासारखी नाही. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे आणि ती वकीलही नेहमी सांगत नाहीत.

शिक्षण ही ग्राहक कायद्यातली ‘सेवा’ आहे का, यावर न्यायालयांचे निकाल एका दिशेचे नाहीत. विद्यापीठे आणि महाविद्यालयांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या सुमारापासून ‘नाही’ म्हटले आहे. जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने तर व्यवसाय अभ्यासक्रमांसह सगळ्या शिक्षण संस्था कायद्याबाहेर ठेवल्या, कोचिंग क्लास मात्र आत ठेवले. दुसऱ्या बाजूला सर्वोच्च न्यायालयाचाच २००९ चा निकाल आहे : बिहारमधल्या एका दंत महाविद्यालयाने नसलेली संलग्नता आणि मान्यता असल्याचे भासवून प्रवेश दिले होते, आणि तिथे न्यायालयाने सेवेतील त्रुटी मानून विद्यार्थ्यांना भरपाई दिली.

यातून तुमच्यासाठी काय निघते? तक्रार ‘शिक्षण चांगले दिले नाही’ अशी लिहिली तर पहिल्याच तारखेला संस्थेचा वकील २०२० चा निकाल काढेल. तुमच्या संस्थेला कोणत्याही मंडळाची संलग्नता नाही, ती कोचिंग क्लाससारखा खासगी वर्ग आहे, जाहिरातीत अमुक सांगितले आणि ते दिलेच नाही, ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, अशी मांडणी केली तर तक्रार टिकण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून सगळ्यांत आधी संलग्नता आहे की नाही याचे लेखी उत्तर मिळवा. ‘संलग्नता नाही’ हे उत्तर तुमच्या उपयोगाचे आहे.

क्रम असा ठेवा. जाहिरातीचे पत्रक, व्हॉट्सॲपवरचे संदेश, पावत्या, बंद वर्गाचा तारखेसह फोटो गोळा करा. २० हजार रोख दिले त्याची पावती नसेल तर ‘तुम्ही अमुक तारखेला २० हजार रोख घेतले’ असा संदेश संस्थेला पाठवा. नाकारला नाही तर तोही पुरावा. मग रजिस्टर पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस. त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात अर्ज : तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच करता येतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केलीत तर कधी कधी संस्था तिथेच तडजोडीला येते. फसवणुकीचा हेतू सुरुवातीपासून होता असे दिसत असेल (त्याच लोकांनी आधी दुसऱ्या नावाने असेच केले असेल, समजा) तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांत तक्रार वेगळी.

फायनान्सचे हप्ते मात्र रागाने थांबवू नका. कर्ज तुमच्या नावावर आहे, पैसे संस्थेला कधीच पोहोचले आहेत, आणि हप्ता चुकला की सिबिल तुमचे बिघडते. कर्ज देणाऱ्या कंपनीला आज लेखी कळवा : सेवा बंद झाली, वसुली थांबवावी, संस्थेकडून उरलेली रक्कम परत घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार मोफत करता येते. कंपनीने अशा दहा-वीस तक्रारी एकाच संस्थेबद्दल पाहिल्या की तिचा सूर बदलतो. तुमच्याबरोबरच्या मुलांनीही स्वतंत्रपणे लिहावे. एका अर्जावर सगळ्यांच्या सह्या नकोत.

बारावीनंतर ‘फायर अँड सेफ्टी’ डिप्लोमा केला तर फाउंड्रीत सेफ्टी ऑफिसर होता येते का?
— एक वाचक, हातकणंगले

फक्त बारावीवर नाही. सेफ्टी ऑफिसरला अभियांत्रिकीची पदवी-पदविका किंवा विज्ञानाची पदवी, कारखान्यात देखरेखीच्या जागेवरचा अनुभव आणि त्यावर औद्योगिक सुरक्षेचा मान्य डिप्लोमा लागतो. कामगारांची भाषा येणे हीसुद्धा नियमातली अट आहे. हा डिप्लोमा महाराष्ट्रात तंत्रशिक्षण मंडळाचा किंवा मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेचा चालतो. आगीच्या बाजूला जायचे असेल तर महापालिकांच्या भरतीत राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा, सांताक्रूझचा सहा महिन्यांचा कोर्स मागतात. खासगी ‘फायर अँड सेफ्टी’ करून मुले लागतात ती बहुधा ठेकेदाराकडे ‘सेफ्टी स्टुअर्ड’ म्हणून. तेवढ्यासाठी साठ-सत्तर हजार भरायचे का, हे तुम्ही ठरवा. आमच्या मते त्या पैशात पॉलिटेक्निकचे पहिले वर्ष निघते.

टायपिंगच्या परीक्षेचे प्रमाणपत्र कोण देते, इन्स्टिट्यूट की शासन?
— एक वाचक, गारगोटी

पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद. इन्स्टिट्यूट फक्त शिकवते आणि तुमचा अर्ज भरते. मराठी, हिंदी, इंग्रजी, ३० आणि ४० शब्द प्रतिमिनिट असे स्वतंत्र विषय आहेत. भरतीच्या जाहिरातीत कोणता मागितला आहे ते बघूनच फी भरा. एमएस-सीआयटी हे वेगळे, ते टायपिंगच्या जागी चालत नाही.

प्रवेश रद्द केला, पण संस्था शाळा सोडल्याचा मूळ दाखला देत नाही. म्हणते, आधी उरलेली फी भरा.
— एक पालक, भुदरगड

दाखला तारण ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही. फी खरोखर थकली असेल तर ती वसूल करण्याचा मार्ग वेगळा आहे. दोन ओळींचा अर्ज लिहा, दोन प्रती काढा, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का द्यायला नकार दिला तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. संस्था आयटीआय असेल तर सात दिवसांनी त्या पोचेच्या झेरॉक्ससह जिल्हा व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण अधिकाऱ्यांकडे जा. महाविद्यालय असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेचा उल्लेख करून विद्यापीठाकडे. साधा क्लास असेल तर पोलीस ठाण्यात अर्ज द्या, बहुतेक वेळा तिथून एक फोन गेला की दाखला सापडतो. ‘हरवला’ असे उत्तर आले तर तेही लेखी घ्या. त्या कागदावर आणि प्रतिज्ञापत्रावर मूळ शाळा दुय्यम प्रत देते, आणि मुलाचा दुसरीकडचा प्रवेश अडत नाही.